घड्याळाची साक्ष

लोणावळा हे पुण्याहून येणाऱ्या लोकलचे शेवटचे स्थानक. गाडी परत फिरण्यापूर्वी तेथे एक छोटासा विधी अपेक्षित असतो. रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांप्रमाणे गार्डाने (२०२२ पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात) आपले घड्याळ स्थानकाच्या घड्याळाशी जुळवून घ्यावे, ती वेळ चालकाला सांगावी आणि चालकानेही आपले घड्याळ त्याप्रमाणे लावावे. मग स्थानकाच्या घड्याळाची खातरजमा कोण करतो? त्याचेही उत्तर नियमांतच आहे. प्रमुख स्थानकांना रोज सोळा वाजता प्रमाणवेळ कळवली जाते. अशी ही साक्षींची साखळी आहे. प्रत्येक घड्याळाच्या बाजूने दुसरे एक घड्याळ साक्ष देते. तेव्हा 'घड्याळ अचूक आहे' असे म्हणताना आपण नेमके काय म्हणत असतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

त्यात खरे तर दोन प्रश्न आहेत. एक घड्याळाच्या चालीचा, दुसरा वेळेचा. पहिल्याचे फार सुंदर उत्तर भास्कराचार्यांनी दिले आहे. सूर्यसिद्धान्तातले शुद्ध घटिकापात्र अहोरात्रात साठ वेळा बुडते. म्हणजे एक घटिका चोवीस मिनिटांची. ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी रचणारे भास्कराचार्य (त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे) निराळी वाट दाखवतात. तांब्याचे पात्र घ्यावे, त्याला भोक पाडावे, ते अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजावे आणि साठ घटिकांना त्या संख्येने भागावे. येईल ते त्या पात्राचे मान. पात्र चौसष्ट वेळा बुडाले, तर त्याचे एक बुडणे साडेबावीस मिनिटांचे. पात्र निर्दोष असण्याची गरज नाही. ते दर वेळी सारखेच बुडले, म्हणजे झाले.

एकोणिसाव्या शतकातल्या क्रोनोमीटरच्या परीक्षेत हेच तत्त्व दिसते. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली, ती बंदरातल्या जहाजांना वेळ पुरवण्याच्या गरजेतूनही. ताऱ्यांच्या वेधांवरून वेधशाळेचे घड्याळ तपासायचे आणि त्याच्याशी जहाजाचा क्रोनोमीटर ताडून पाहायचा. एखादा क्रोनोमीटर रोज चार सेकंद मागे पडत असेल, तर तो टाकाऊ ठरत नसे. तीस दिवसांनी त्याच्या वेळेत दोन मिनिटे मिळवली की काम भागते. आज तीन सेकंद पुढे आणि उद्या तीन सेकंद मागे जाणारा क्रोनोमीटर मात्र घातक. चार सेकंदांच्या चुकीने विषुववृत्तावर जहाजाचे स्थान एक सागरी मैलाने, म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटरने चुकते. परीक्षकाला दोष चालतो, लहर चालत नाही.

खिशातल्या घड्याळांची अशी परीक्षा इंग्लंडमधील क्यू वेधशाळेने १८८४ मध्ये सुरू केली. वरच्या श्रेणीच्या प्रमाणपत्रासाठी ती पंचेचाळीस दिवस चाले. घड्याळ कधी उताणे, कधी पालथे, कधी उभे ठेवायचे, कारण बॅलन्सचा तोल जराही ढळलेला असला, तर स्थितीबरोबर चाल बदलते. ते थंड आणि उष्ण जागी ठेवायचे, कारण उष्णतेने हेअरस्प्रिंगची लवचिकता बदलते. या दुसऱ्या दुखण्यावर निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंनी मोठा उतारा मिळाला. त्या शोधाबद्दल गिलोम यांना १९२० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. १९७३ मध्ये स्थापन झालेली स्वित्झर्लंडमधील 'कॉस्क' ही संस्था आजही याच धर्तीवर तपासणी करते. पंधरा दिवस, पाच स्थिती, आठ, तेवीस आणि अडतीस अंश सेल्सिअस ही तीन तापमाने. नेहमीच्या आकाराच्या मनगटी घड्याळाची सरासरी दैनिक चाल चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे, एवढ्यात बसावी लागते.

हे प्रमाणपत्र चालीविषयी आहे. किती वाजले याविषयी ते मौन पाळते. त्या मौनाचा अर्थ समजून घ्यायला बोरघाटाइतकी चांगली जागा नाही. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि १८६३ मध्ये घाटाची चढण पूर्ण होऊन तो मुंबईला जोडला गेला. सूर्य पुण्यात मुंबईपेक्षा सुमारे चार मिनिटे आधी माथ्यावर येतो, लोणावळ्यात दोन-अडीच मिनिटे आधी. बैलगाडीच्या प्रवासात हा फरक कुणाला जाणवला नसता. आगगाडीला मात्र एकच वेळ हवी होती, आणि १८७० च्या सुमारास रेल्वेने स्वीकारली ती मद्रासची. ती मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे होती. म्हणजे क्यूचे प्रमाणपत्र मिळवलेले घड्याळ मुंबईच्या वेळेवर लावून कुणी लोणावळ्याच्या फलाटावर आला असता, तर घड्याळ उत्तम ठरूनही त्याची गाडी चुकली असती.

हा वाद केवळ गाडी चुकण्यापुरता राहिला नाही. १८८१ मध्ये मुंबई सरकारने मद्रास वेळ शहरावर लादू पाहिली आणि विरोधामुळे १८८३ मध्ये माघार घेतली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे पुढे. गिरणीने भोंगा नव्या वेळेवर लावला, तर कामगाराला तेवढे लवकर उठावे लागणार होते. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी विरोध केला. शहरात मुंबईची वेळ १९५५ पर्यंत टिकून राहिली. एकोणचाळीस मिनिटांची ही झोप कोणत्याही वेधशाळेच्या कोष्टकात बसणारी नव्हती.

म्हणून 'अचूक' हा शब्द आपण जरा सावधपणे वापरावा. चालीची परीक्षा हा विज्ञानाचा विषय. भास्कराचार्यांपासून आजपर्यंत तिचे तत्त्व फारसे बदललेले नाही. पण ती चाल कोणत्या दुपारपासून मोजायची, हे ठरवणे हा माणसांमधला करार असतो, आणि तो करताना सर्वांना विचारले जातेच असे नाही. लोणावळ्याला गार्ड स्थानकाच्या घड्याळाकडे पाहून आपला काटा सरकवतो, तेव्हा तो या कराराला मान देत असतो. त्याशिवाय गाड्या सुखरूप धावणार नाहीत, हे खरेच. पण डोक्यावरचा सूर्य त्या करारात सहभागी नाही, एवढे लक्षात असावे.