चौकची चित्रनगरी आणि सुट्या वस्तूंची विद्या

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, माथेरानच्या दक्षिण पायथ्याशी आणि इर्शाळगडाच्या सुळक्याच्या नजरेत वसलेले चौक हे गाव दीर्घ काळ वाटेवरचा एक मुक्काम म्हणूनच ओळखले जाई. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याचा तळ येथे पडला असता तो येथूनच डोंगर चढून गेला व माथेरान इंग्रजी अमलाच्या दृष्टिपथात आले, ही या गावाची कागदोपत्री कीर्ती. पुढे १८९१ मध्ये, हे गाव ज्यात मोडे तो कर्जत तालुका ठाण्याच्या दप्तरातून कुलाब्याच्या दप्तरात वर्ग झाला, १९८१ मध्ये कुलाब्याचेच नामांतर रायगड असे झाले, आणि गाव मात्र होते तेथेच राहिले. २००५ मध्ये कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी चौक-कर्जत रस्त्यावर हातनोली येथे आपला स्टुडिओ उभारला, तेव्हा या मुलखात एका निराळ्याच विद्येचे ठाणे बसले. दृश्य हे अखंड चित्र न मानता सुट्या, स्वतंत्र वस्तूंच्या परस्परसंबंधांतून रचावयाचे, ही ती विद्या. आणि संगणकशास्त्राने ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ या नावाने जी रचना बहुमाध्यमांत रूढ केली, तिचेही मूलतत्त्व हेच आहे.

या तत्त्वाचा उगम शोधू जाता चौकपासून फार दूर जावे लागत नाही. कल्याणास महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांचे पुत्र यांनी, ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्र १८९६ च्या जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात अवतरण्यापूर्वीच, ‘शांबरिक खरोलिका’ नावाने काचचित्रांचे खेळ मांडले होते. काचेवर काळ्या पार्श्वभूमीत पात्र रंगवावयाचे, म्हणजे पडद्यावर पात्र तेवढे उमटते आणि भोवतालचा काळोख काळोखातच विरून जातो. मग एकाहून अधिक प्रक्षेपक दिव्यांतून स्थळ निराळे व पात्रे निराळी टाकून, काचा झपाट्याने पालटीत, निवेदन व गायनाच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग जिवंत करावयाचे. पात्र स्थळापासून मोकळे झाले, हा या खेळातील खरा शोध होय असे माझे मत आहे. त्याची थोरवी आपण पुरेशी ओळखलेली नाही. पुढे कोल्हापुरास चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी रंगविलेल्या सपाट पडद्याऐवजी घनरूप सेट उभे केले, तेव्हा तीच मोकळीक वास्तूलाही लाभली.

चौकच्या माळावर ही मोकळीक विराट प्रमाणावर दिसली. ‘लगान’, ‘देवदास’ यांसारख्या चित्रपटांच्या कलादिग्दर्शनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळविलेल्या देसाई यांनी २००८ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘जोधा अकबर’साठी आग्र्याच्या किल्ल्याची प्रतिकृती येथे उभारली, आणि ‘राजा शिवछत्रपती’ या मालिकेसाठी शिवकालही याच परिसरात साकारला. असा किल्ला बांधीत नाहीत, जुळवितात. कमान, जाळी, कंगोरा, स्तंभशीर्ष यांचा मोल्डरने प्रत्येकी एक साचा करावयाचा, त्यातून प्लास्टर ऑफ पॅरिसचे नग ओतावयाचे, सुताराने लाकडाच्या चौकटीवर प्लायवूडचे फ्लॅट उभे करावयाचे, त्यांवर ते नग बसवावयाचे आणि शेवटी पेंटरने त्यांस दगडाचा वर्ण व वय द्यावयाचे, असा या कारागिरीचा क्रम आहे. एकच साचा, नग अनेक. एकच भिंत, आज दरबाराची तर उद्या तटाची.

१९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेतील एमआयटीत ‘स्केचपॅड’ ही रेखनप्रणाली सिद्ध केली, तीत हाच साचा-नगाचा संबंध होता. परंतु एका गोष्टीत संगणक मोल्डरच्या पुढे गेला. मूळ आकृती बदलताच तिच्या साऱ्या प्रती आपोआप बदलत. प्लास्टरच्या साच्यात केलेली दुरुस्ती आधी ओतलेल्या नगांस पोचत नाही, आणि येथे उपमा संपते. पुढे नॉर्वेत ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्युगार्ड यांच्या ‘सिम्युला ६७’ या भाषेने वस्तूचे गुण व तिचे वर्तन एकाच ठिकाणी बांधून या विचारास शास्त्राची शिस्त दिली.

चित्रफितीच्या तंत्रात मात्र हा विचार उशिरा शिरला. आरंभीच्या एमपेग मानकांत चौकटीचे लहान चौकोनी तुकडे पाडून ते संक्षिप्त करीत. त्या तुकड्यास मनुष्य कोणता व भिंत कोणती याची गंधवार्ताही नसे. १९९९ च्या एमपेग-४ मानकाने मनुष्याची आकृती तिच्या बाह्यरेषेसह निराळी, पार्श्वभूमी निराळी, वाणी निराळी, अशी प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे साठवून, त्यांची जुळणी ग्राहकाच्या यंत्रात करण्याची व्यवस्था दिली. ती व्यवस्था तर्कशुद्ध होती. तथापि चालत्या चित्रातून मनुष्य अचूक कापून काढणे दुष्कर ठरल्याने व्यवहारात आयताकृती चौकटच टिकली. जेथे वस्तू मुळातच सुट्या होत्या, त्या क्षेत्रांत, म्हणजे त्रिमितीय खेळांत व ध्वनीत, या कल्पनेचा विजय झाला. २०१२ मध्ये आलेल्या डॉल्बी ॲटमॉस पद्धतीत ११८ पर्यंत ध्वनिवस्तू आपल्या स्थानाच्या नोंदीसह चित्रगृहात पोचतात, आणि कोणता नाद कोणत्या कर्ण्यातून उमटावा हे त्या चित्रगृहाची रचना पाहून तेथेच ठरते.

कापून काढण्याचे हे संकट पटवर्धनांना कधी पडले नाही, कारण त्यांची पात्रे आरंभापासूनच निराळ्या काचेवर होती. चौकच्या कारागिरांनाही ते पडत नाही, कारण त्यांची भिंत उभी राहण्यापूर्वीच सुट्या नगांत असते. म्हणून त्यांच्यापाशी असलेले ज्ञान मला अनमोल वाटते. २ ऑगस्ट २०२३ रोजी देसाई हातनोलीच्या आपल्या स्टुडिओत निवर्तले, आणि ते ज्ञान जपण्याची निकड वाढली. येथे उभ्या राहिलेल्या प्रत्येक मोठ्या सेटची मोजमापे, साच्यांची यादी आणि कोणता नग कोठे, कशास जोडलेला होता याचा आराखडा एकत्र दप्तरी लावला, तर त्या सेटची त्रिमितीय प्रतिकृती संगणकात केव्हाही पुन्हा जुळविता येईल. नुसत्या छायाचित्रांवरून ते साधणार नाही, कारण छायाचित्रात सारे नग पुन्हा एकाच सपाट पृष्ठावर चिकटलेले असतात. हे काम त्या सेटांवर राबलेल्या सुतार, मोल्डर व पेंटर यांस शेजारी बसवून, ते कामावर आहेत तोवरच, झाले पाहिजे.