बोगनवेल कुणाची?

मंडळी, बार्शीच्या उन्हात सगळं करपतं, तेव्हा कुंपणावरची बोगनवेल तेवढी फुललेली असते. आम्ही तिला इथलीच समजत आलो. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. नाव फ्रेंच दर्यावर्दी बुगँव्हिलचं. त्यातल्या ‘विल’ची आपण ‘वेल’ करून टाकली, हे आमच्या मते झकास झालं!

जगप्रदक्षिणेला निघालेली त्याची जहाजं 1767 साली रिओ दि जानेरोला थांबली. मोहिमेतले वनस्पतिशास्त्रज्ञ कोमेर्सों यांनी ही वेल तिथं नोंदवली. पण कोमेर्सों पायाच्या दुखण्यानं बेजार. झाडं गोळा करण्याची बरीचशी मेहनत त्यांच्या नोकराची. आणि हा नोकर म्हणजे पुरुषवेशातली बाई, झान बारे! फ्रेंच नौदलाच्या जहाजांवर बायकांना मनाई होती ना. गुपित फुटलं ते 1768 साली ताहितीला.

रिओत ती वेल झाननंच तोडली असावी, असं काही अभ्यासक मानतात. आम्ही तेवढं ठामपणे म्हणणार नाही. मात्र मॅगेलन सामुद्रधुनीतल्या बर्फाळ डोंगरांवर शिधा, हत्यारं आणि वनस्पतींची बाडं तिनं वाहिली, हे खुद्द बुगँव्हिलनंच लिहून ठेवलंय. म्हणजे माहिती दडलेली नव्हती, बरं का. शोध कशाला म्हणायचं, हे आधीच ठरलेलं होतं. डोंगर चढणं त्यात धरत नसत.

कोमेर्सोंनी एका वनस्पतीला तिचं नाव द्यायचं योजलं होतं, ते टिकलं नाही. अखेर 2012 साली वांग्या-बटाट्याच्या कुळातल्या एका वेलीला तिचं नाव मिळालं: सोलॅनम बारेती.