साहाय्यार्थींची अमली पदार्थ चाचणी
शासकीय अर्थसाहाय्य मागणाऱ्या वा घेत असलेल्या व्यक्तीने अमली पदार्थांचे सेवन केले आहे काय, हे प्रायः मूत्रपरीक्षणाने ठरविण्याची पद्धती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९६ नंतर तिच्याविषयी तीव्र वाद झाला. त्याचे मूळ मात्र जुने आहे. साहाय्यास पात्र व अपात्र अशी गरिबांची विभागणी इंग्लंडमधील १६०१ च्या गरीबविषयक कायद्यात दिसते आणि वसाहतींबरोबर ती अमेरिकेत गेली. गरजू मुलांच्या कुटुंबांसाठी संघीय योजना (१९३५) आल्यावरही साहाय्यार्थीचे वर्तन तपासण्याची वृत्ती ओसरली नाही. ‘वायमन विरुद्ध जेम्स’ (१९७१) या न्यूयॉर्कमधील खटल्यात, अधिकाऱ्याची गृहभेट नाकारणाऱ्या मातेचे साहाय्य बंद करता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. खाजगी दात्याप्रमाणेच जनतेलाही आपल्या पैशाचा विनियोग जाणून घेण्याची अपेक्षा बाळगता येते, असे त्यात म्हटले होते. चाचणीच्या समर्थकांना हा निर्णय पुढे उपयोगी पडला.

बिल क्लिंटन यांनी २२ ऑगस्ट १९९६ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने जुनी योजना रद्द होऊन मुदतबंद साहाय्य आले आणि राज्यांना चाचणीची मुभा मिळाली. मिशिगनने १९९९ मध्ये काही कार्यालयांत सर्व अर्जदारांची चाचणी सुरू केली. पाच आठवड्यांत तपासलेल्या २६८ जणांपैकी २१ जण दोषी आढळले आणि त्यांतील तिघे वगळता सर्वांच्या बाबतीत पदार्थ गांजा हाच होता. संशयाचे कारण नसताना केलेली झडती संविधानाच्या चौथ्या दुरुस्तीशी विसंगत ठरते, या भूमिकेतून जिल्हा न्यायालयाने योजना थांबविली. अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठात २००३ मध्ये समसमान मते पडल्याने तो आदेश कायम राहिला. पण तत्त्वाचा निकाल लागला नाही.

तो लागला फ्लॉरिडात. तेथील गव्हर्नर रिक स्कॉट यांच्या पुढाकाराने १ जुलै २०११ पासून प्रत्येक अर्जदारावर चाचणी बंधनकारक झाली. खर्च अर्जदाराने आधी करावयाचा आणि निर्दोष ठरल्यास तो परत मिळावयाचा. दोषी ठरल्यास वर्षभर साहाय्य बंद. ज्याच्याजवळ दूध-भाकरीपुरतेही पैसे नाहीत, त्याने प्रयोगशाळेचे शुल्क आधी भरावे, ही अट विचित्रच म्हणावी लागेल. नौदलातून निवृत्त झालेल्या, लहान मुलाचे एकट्याने संगोपन करणाऱ्या एका विद्यार्थ्याने चाचणी नाकारून दावा दाखल केला. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यायालयाने योजना स्थगित केली, तोवर ४,०४६ चाचण्यांपैकी १०८, म्हणजे सुमारे २.७ टक्के दोषदर्शक ठरल्या होत्या. निर्दोषांना परत दिलेल्या शुल्कापोटी राज्याचे १,१८,१४० डॉलर गेले. वाचलेले साहाय्य वजा जाता निव्वळ तोटा ४५,७८० डॉलरांचा झाला. चाचणीच्या भीतीने कित्येकांनी अर्जच केले नसतील, असा समर्थकांचा प्रतिवाद होता. तो केवळ या आकड्यांनी सिद्धही होत नाही, खोटाही ठरत नाही. अपील न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये कायदा घटनाबाह्य ठरविला. साहाय्यार्थींत व्यसन अधिक असल्याचा पुरावा राज्याला देता आला नव्हता आणि साहाय्याच्या बदल्यात सक्तीने घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे, असे न्यायालयाने मानले. राज्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली नाही.

परीक्षणाची एक मर्यादा या वादात दुर्लक्षित राहिली. नियमित सेवन करणाऱ्याच्या मूत्रात गांजाचे अंश कित्येक आठवडे आढळतात, तर कोकेनचे साधारणपणे दोन-तीन दिवसांत नाहीसे होतात; मद्य तर नेहमीच्या चाचणीत बहुधा नसतेच. त्यामुळे अधिक घातक व्यसन निसटते व सौम्य ते सापडते. मिशिगनच्या मतदारांनी २०१८ मध्ये प्रौढांना गांजा कायदेशीर केला, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे.

फ्लॉरिडाच्या अनुभवानंतर सरसकट चाचणीऐवजी आधी प्रश्नावली व संशय असल्यासच चाचणी, असा मार्ग काही राज्यांनी पत्करला. यूटाने २०१२ मध्ये सुरू केलेल्या योजनेच्या पहिल्या वर्षी ४,७३० अर्जदारांपैकी ४६६ जणांची चाचणी झाली व १२ दोषी आढळले. बेकारभत्त्याच्या विशिष्ट अर्जदारांची चाचणी करण्याची मुभाही राज्यांना २०१२ च्या संघीय कायद्याने मिळाली. ऑस्ट्रेलियात लोगन, कँटरबरी-बँक्सटाउन व मँड्युरा येथे ५,००० साहाय्यार्थींवर प्रयोग करण्याचा शासनाचा २०१७ चा प्रस्ताव सेनेटमध्ये बहुमत न मिळाल्याने अडला आणि नंतरचे प्रयत्नही निष्फळ ठरले.