राक्षस जन्मतो की घडतो?

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात रावेरी हे सीतेच्या मंदिराचे गाव आहे. वनात टाकलेल्या सीतेने लव-कुशांसाठी मूठभर गहू मागितला, गावाने तो नाकारला, आणि येथे गहू पिकणार नाही असा शाप तिने दिला, अशी आख्यायिका तेथे सांगतात. नकार देणारे गेले. शाप मात्र त्यांच्या नातवंडांच्या शेतावर राहिला. जन्माबरोबर दोषही वारशाने येतो काय? राक्षसांच्या कथांतला खरा प्रश्न आम्हांस हाच वाटतो.

राक्षस म्हणजे उपजत दुष्ट, अशी सामान्य समजूत आहे. रामायणाचे उत्तरकांड मात्र निराळे सांगते. प्रजापतीने जल निर्माण केले व ते राखण्यासाठी प्राणी उत्पन्न केले. त्यांपैकी ‘आम्ही रक्षण करू’ असे जे म्हणाले ते राक्षस झाले. म्हणजे या नावाच्या मुळाशी राखण आहे, हिंसा नव्हे. रावण तर पुलस्त्य ऋषींचा नातू आणि कुबेराचा सावत्र भाऊ.

यावर कोणी म्हणेल की, कैकसी अशुभ वेळी आली म्हणून तिचे पुत्र क्रूर निपजतील, असे विश्रव्याने आधीच सांगितले होते. मग रावणाला स्वातंत्र्य ते कोठले? पण वर मागण्याचा प्रसंग पाहावा. ब्रह्मदेव तोच, तपही तसेच. रावणाने देव-दानवांकडून मरण नसावे असे मागितले. बिभीषणाने मोठ्या संकटातही बुद्धी धर्मावर राहावी एवढेच मागितले. माता-पिता एकच, मागणे वेगळे.

पाश्चात्त्य अद्भुतकथांतही हा पेच सुटलेला नाही. टॉल्किन (१८९२–१९७३) याच्या मते दुष्ट शक्तीला नवा जीव निर्माण करता येत नाही. ती असलेल्याला केवळ विकृत करते. मग त्याचे ऑर्क मूळचे कोण, आणि त्यांना सुधारण्याची वाट का नसावी? याचे कायमचे उत्तर त्याला अखेरपर्यंत ठरविता आले नाही.

बिभीषण शरण आला तेव्हा सुग्रीवाने त्याला मारावे असा सल्ला दिला. कारण तो राक्षस आणि शत्रूचा भाऊ. रामाने त्याला अभय दिले. १८७१ साली इंग्रज सरकारने मात्र सुग्रीवाच्या शंकेचाच कायदा केला. गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर शिक्का मारता येऊ लागला. नावे नोंदवायची, हजेरी द्यायची, परवान्याविना हद्द ओलांडायची नाही. अनेक कुटुंबे सोलापुरासारख्या सेटलमेंटांत तारेच्या कुंपणाआड गेली. फासेपारध्यांवरही हा शिक्का बसला. त्यांचे नाव फास लावून शिकार करण्याच्या धंद्यावरून पडलेले. चोरीशी त्याचा संबंध नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याने मुक्त झाल्या.

कायदा गेला, पण समजूत एका तारखेला रद्द होत नाही. आमच्या जिल्ह्यात पारध्यांचे बेडे आहेत. तेथील पोर शाळेच्या दारात उभे राहते तेव्हा गुरुजींनी, पाटलांनी आणि फौजदारांनी काय करावे, हे रामाने समुद्रकाठी दाखवून ठेवले आहे. दोष कृत्याचा पाहावा, कुळाचा पाहू नये. जन्मावरून राक्षस ठरविणारा समाज दाराशी आलेला बिभीषण गमावतो, आणि पुढे आपल्याच हाताने रावण घडवितो.