सापाच्या पेटीतले ऊन आणि सावली

साप शीतरक्ती असतो, हे वाक्य आपण सर्वांनी वर्गात शिकवलेले आहे. पण शीतरक्ती म्हणजे नेमके काय, हे समजायला माणसाला बराच काळ लागला.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी खास इमारत उघडली. जगातील ती पहिलीच. उष्ण प्रदेशातल्या प्राण्याला ऊब हवी, एवढे तेव्हाही कळत होते. पण किती आणि कोठे? या प्रश्नाचा नेटाने विचार केला तो जोन प्रॉक्टर या बाईंनी. १९२३ पासून त्या तेथील सरीसृप विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांनी आखलेली नवी इमारत १९२७ मध्ये उघडली. तीत निरनिराळ्या कप्प्यांना विजेवर वेगवेगळी ऊब देण्याची सोय होती. अतिनील किरण आत सोडणारी काचही होती. सतत आजारी असणाऱ्या प्रॉक्टर १९३१ मध्ये, अवघ्या ३४ व्या वर्षी वारल्या.

पुढचा उलगडा १९४४ मध्ये झाला. रेमंड काऊल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातले साप-सरडे अभ्यासले. वाळवंटातला प्राणी उन्हाला कशाला भिईल, असे आपल्याला वाटेल. पण सावलीत जाऊ न देता उन्हात ठेवलेले प्राणी थोड्याच वेळात मेले. (असले प्रयोग आज कोणी करू देणार नाही.) मोकळे असले की तेच प्राणी उन्हातून सावलीत ये-जा करून शरीराचे तापमान ठरावीक मर्यादेत राखत. म्हणजे ऊब हवी, तशी उबेपासून दूर जायची जागाही हवी.

परदेशांत बॉल पायथनचे पिल्लू पाळणारे आज पेटी मांडतात ती याच तत्त्वावर. पश्चिम आफ्रिकेतला हा छोटा अजगर दिवसा उंदरांच्या बिळांत नाहीतर वारुळांत दडतो. घाबरला की अंगाचा चेंडू करतो. पेटीचे एक टोक सुमारे ३२ अंश सेल्सिअस, दुसरे २६ च्या आसपास. ऊब देणाऱ्या पट्टीला तापमान-नियंत्रक हवाच, कारण पोट भाजले तरी साप कधीकधी तेथून हलत नाही. दडायच्या जागा दोन, दोन्ही टोकांना एकेक, आणि अंग भिंतींना टेकेल इतक्या तंग. एकच ठेवली तर पिल्लाला ऊब आणि आडोसा यांतले एक सोडावे लागते. मोठ्या, उघड्या काचपेटीतले पिल्लू कित्येकदा आठवडेच्या आठवडे भक्ष्याला तोंड लावत नाही. पाळणाऱ्याला ते आजारी वाटते. ते असते भेदरलेले.

आपल्याकडचा अजगर घरात ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे. पण हे तत्त्व पाहायला साप लागत नाही. हिवाळ्यात शाळेच्या कुंपणावरचा सरडा सकाळी आठ, दहा आणि बारा वाजता उन्हात असतो की सावलीत, याची नोंद मुलांना आठवडाभर ठेवायला सांगावी.