एका क्रियापदाचे विभाजन : लिनक्समधील यंत्रनिद्रेचा इतिहास

संगणक निजविला असता त्याची मुख्य स्मृती तेवढी जागी राहते. उरलेल्या बहुतेक उपकरणांचा वीजपुरवठा तुटतो. ही साधी वस्तुस्थिती ध्यानी घेतली म्हणजे प्रस्तुत विषयाचे अर्धे मर्म उलगडते. चकती, पडदा, नेटवर्क-कार्ड अशा प्रत्येक उपकरणाशी व्यवहार करणारा जो प्रोग्रॅम असतो त्यास ड्रायव्हर म्हणतात. उपकरणाच्या रजिस्टरांत आपण काय लिहिले याची नोंद तो मुख्य स्मृतीत बाळगतो. निद्रेत ही नोंद टिकते, परंतु रजिस्टरांतील मजकूर पुसला जातो. जाग आल्यावर ड्रायव्हरला सारे आठवत असते व उपकरणाला काहीच आठवत नसते. 'लॅपटॉप उघडला तो ध्वनीच बंद' अशा तक्रारींचे मूळ बहुधा या विसंवादात सापडते.

१९९२ साली इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी सिद्ध केलेल्या एपीएम या पद्धतीत निजविण्या-उठविण्याचा मोठा भार बायोसवर होता. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले आणि तो भार कार्यप्रणालीकडे, अर्थात तिच्या एकेका ड्रायव्हरकडे आला. या हस्तांतराचा परिणाम पडद्यावर सर्वांत आधी दिसला. नेहमीच्या प्रारंभी बायोस ग्राफिक्स-कार्डाची मांडणी करून देत असे. निद्रेतून उठताना अनेक यंत्रांतील बायोस ते करीत नसे. यंत्र जागे, चकती फिरते आहे, आणि पडदा काळा! कोणत्या यंत्रास कोणती युक्ती लागू पडते याच्या याद्या त्या काळी जपल्या जात. २००९ पासून, प्रथम इंटेलच्या कार्डांसाठी, पडद्याची मांडणी कर्नलमधील ड्रायव्हरनेच हाती घेतली, तेव्हा हा उपद्रव पुष्कळसा शमला.

इतिहासाच्या अभ्यासकास अधिक उद्बोधक वाटावा असा प्रश्न पुराव्याचा आहे. दोष घडतो तेव्हा पडदा विझलेला व चकती निद्रिस्त असते. म्हणजे साक्ष लिहून ठेवण्यास जागाच नाही. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, तर स्मृतीतील खुणाही जातात. २००६ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी यावर जो तोडगा काढला तो मासलेवाईक आहे. यंत्रातील बॅटरीवर चालणारे घड्याळ या साऱ्यातून वाचते. तेव्हा साक्ष तेथेच ठेवावयाची. उठण्याच्या प्रत्येक टप्प्यावर कर्नल त्या टप्प्याची व उपकरणाच्या नावाची एक संक्षिप्त संख्या तयार करतो आणि ती वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटे यांच्या रूपाने घड्याळात लिहितो. सुमारे एक कोटी साठ लाख निरनिराळ्या संख्या त्यात मावतात. घड्याळ मात्र चालूच राहते. म्हणून मिनिटांचे तीन-तीनांचे गट पाडलेले आहेत व अडकलेले यंत्र सुमारे तीन मिनिटांच्या आत पुन्हा सुरू करावे लागते. तसे केले की तारखेवरून अडखळलेले उपकरण ओळखता येते. कधी दोन उपकरणांची संख्या एकच निघते व साक्ष संदिग्ध होते, हेही खरे. आणि यंत्र सुखरूप उठले तरी घड्याळातील तारीख खोटीच राहते! खोट्या तारखेवरून खरा वृत्तान्त काढण्याची ही रीत आमच्या शिलालेखवाचक मित्रांनी अवश्य पाहावी.

परंतु साधने सुधारली तरी दोषांची एक जात हटेना, आणि तिचे कारण, माझ्या मते, भाषिक होते. ड्रायव्हरला दिलेली आज्ञा एकच : 'सस्पेंड'. आपल्या 'थांब' या शब्दाशी तिची तुलना करता येईल. 'थांब' म्हणजे जागचा हलू नकोस, की हातचे काम आवरून ठेव, की दिवे मालवून घरी जा? बोलणारा समोर असतो म्हणून आपला घोटाळा होत नाही. ड्रायव्हरला ती सोय नव्हती. एस-४ या निद्रेत स्मृतीची प्रतिमा चकतीवर लिहावयाची असते. त्यासाठी प्रथम उपकरणांनी क्षणभर स्तब्ध व्हावयाचे, प्रतिमा घेतली की पुन्हा कामास लागावयाचे (चकतीच निजली तर लिहिणार कोठे?), आणि शेवटी वीज तुटू द्यावयाची. स्तब्ध होण्यास व वीज तुटू देण्यास एकच आज्ञा होती. अर्थभेद सांगणारा संदेश सोबत येई, पण अनेक ड्रायव्हर त्याची दखल घेत नसत. चकती उगाच थांबविली जाई व लगेच फिरविली जाई.

या दोन निद्रांची गल्लत मुळातच चुकीची आहे, असे टॉरवाल्ड्स यांनी २००७ मध्ये निक्षून मांडले. २००८ साली राफाएल विसॉकी यांनी क्रियापदाचे विभाजन केले : निजणे व उठणे, गोठणे व वितळणे, वीज सोडणे व पूर्ववत् होणे, अशी तीन जोडपी. यांतील शेवटचे पद मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रतिमेतून परतणारे उपकरण कोरे असेलच असे नाही. दरम्यान प्रतिमा वाचणाऱ्या दुसऱ्या कर्नलने ते आपल्या रीतीने वापरलेले असते. कोऱ्या पाटीवर लिहिणे निराळे, दुसऱ्याचे लिहिलेले पुसून लिहिणे निराळे. जुन्या 'रिझ्यूम' शब्दाने हा भेद झाकून टाकला होता.

अर्थात सर्वच दोष शब्दांचे नव्हते. दोन उपकरणे एकच इंटरप्ट-रेषा वापरीत असली, तर एक निजल्यावर दुसऱ्याच्या हाकेने पहिल्याचाही ड्रायव्हर धावे. तो निद्रिस्त उपकरणाची रजिस्टरे वाचावयास जाई व त्यास सर्व बिट्स 'एक' असे उत्तर मिळे. ते खरे मानले की अनर्थ. २००९ साली अखेरच्या टप्प्यात इंटरप्टच रोखून धरण्याची व्यवस्था झाली. तेथेही 'इंटरप्टविना निजणे' हे नवे पद आवश्यक ठरलेच.

२०१३ मध्ये कर्नलात आणखी एक निद्रा आली. तीत वीज तोडावयास फर्मवेअर येत नाही. उपकरणे एकेक करून आपापल्या ड्रायव्हरकडूनच निजवावी लागतात. पुष्कळ नव्या लॅपटॉपांतून एस-३ ही जुनी अवस्था काढून टाकण्यात आली आहे, आणि तक्रारीचे स्वरूपही पालटू लागले आहे. पूर्वी यंत्र उठत नाही म्हणून माणूस हैराण होई. आता ते नीट निजत नाही, आणि सकाळी झाकण उघडावे तो बॅटरी रिकामी.