लिदीतील विजेची कुळकथा

मार्गशीर्षात तापीच्या काठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेनिमित्त, सारंगखेड्यात जो घोडेबाजार भरतो, त्यात दात, खूर, चाल आणि अंगावरचे भोवरे यांवरून जनावराची किंमत ठरविणारे जाणते पुष्कळ असतात. परंतु उकिरड्यावर जाणाऱ्या लिदीची पारख करण्याची वहिवाट तेथे अद्याप पडलेली नाही. ताजी लीद फोडून पाहिली, तर तीत गवताच्या काड्यांचे तुकडे जसेच्या तसे दिसतात. कारण घोडा रवंथ करीत नाही, आणि चाऱ्यातील पुष्कळसा तंतुमय अंश न पचताच बाहेर पडतो. या अंशावर उपजीविका करणाऱ्या सूक्ष्मजंतूंकडून वीज मिळू शकते, हे ज्ञान मात्र शतकाहून अधिक जुने आहे.

1911 साली इंग्लंडातील डरॅम विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल पॉटर यांनी, किण्व आणि आतड्यातील जीवाणू यांच्या द्रावणांत प्लॅटिनमचे विद्युत् अग्र बुडवून, सेंद्रिय पदार्थांचे विघटन होताना विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हे रॉयल सोसायटीच्या दप्तरी नोंदविले. 1931 मध्ये अमेरिकेत बार्नेट कोहेन यांनी असे अनेक घट जोडून 35 व्होल्ट दाब मिळविला, पण प्रवाह अवघा 2 मिलिअँपिअर! आपल्याकडे तोवर दुसरी शाखा रुजली होती: मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात 1897 मध्येच मैल्याच्या टाकीतील वायू साठविण्याची तजवीज झाली, आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने गोबरगॅस खेडोपाडी नेला. वायूवर भाकरी भाजते. पॉटरचा घट प्रयोगशाळेतच राहिला.

त्याचे भाग्य उजळले ते नदीच्या गाळामुळे. 1987 साली डेरेक लव्हली यांनी पोटोमॅक नदीच्या गाळातील अशा जीवाणूचे वर्णन केले, की जो प्राणवायूच्या अभावी आपले इलेक्ट्रॉन लोहाच्या ऑक्साइडाला देऊन जगतो. आणि 1999 मध्ये कोरियातील ब्युंग होंग किम यांच्या गटाने दाखविले, की मध्यस्थ रसायन न घालताही असे जीवाणू इलेक्ट्रॉन थेट विद्युत् अग्रावर पोहोचवितात. हवाबंद कप्प्यातील शेणकाल्यात एक अग्र, हवेच्या संपर्कात दुसरे, आणि दोहोंमध्ये तार, एवढाच या घटाचा सरंजाम: इलेक्ट्रॉन तारेतून जातात, प्रोटॉन द्रवातून, आणि पलीकडे प्राणवायूशी मिळून त्यांचे पाणी होते.

2005 साली अमेरिकेत डुकरांच्या सांडपाण्यावर अग्राच्या प्रत्येक चौरस मीटरमागे 261 मिलिवॉट शक्ती मिळाली, म्हणजे साधा दिवाही नीट पेटू नये इतकी. परंतु वीज देता देता तेच जीवाणू पाण्यातील घाणही फस्त करीत होते, आणि माझ्या मते या घटाचे खरे मोल तेथेच आहे. खरगपूरच्या आयआयटीत प्रा. मकरंद घांगरेकर यांनी याच तत्त्वाचा उपयोग शौचालयाच्या मैल्यासाठी केला, तो मला या दिशेने अत्यंत उचित वाटतो. घट्ट लीद-शेण गोबरगॅसकडे जावे, चुलीला तोच उपकारक. तबेल्याचे धुवण आणि मूत्र, जे आज ओघळून नदीला मिळते, ते या घटाकडे वळावे.

हा घट मुलांना पाहता यावा म्हणून सारंगखेड्याच्याच शहादे तालुक्यातील विज्ञानशिक्षकांनी निकामी सेलमधील कार्बनच्या दोन कांड्या घ्याव्यात, एक बरणीत भरलेल्या नदीच्या गाळात पुरावी, दुसरी वरच्या पाण्यात ठेवावी, आणि काही दिवसांनी व्होल्टमापकाचा काटा त्यांना दाखवावा.